सायकलवरचा संपादक : सॉल प्लाइकींच्या मुलखात

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत उतरलेला प्रवासी सगळ्यात आधी खड्डा बघायला जातो. मीही गेले. १८७१ ते १९१४ या काळात हिऱ्यांसाठी माणसांनी कुदळ-फावड्यानं खणत नेलेला हा 'बिग होल'. काठावरून खाली बघितलं की पोटात गोळाच येतो. तळाशी हिरवं पाणी आणि चहूबाजूंनी सरळ उतरत गेलेले कडे. सव्वादोन कोटी टन माती उपसली तेव्हा त्यातून सुमारे २,७२० किलो हिरे निघाले. दक्षिण गोलार्धात रस्त्यावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले तेही इथेच, १८८२ साली.

पण मी किंबर्लीला आले होते ती एका पत्रकारासाठी. त्यांना भेटायचं तर खड्ड्याकडून गाडीनं थोडं पुढे, सिव्हिक सेंटरपाशी जायचं. तिथे टेबलाशी बसून लिहिणाऱ्या एका माणसाचा पुतळा आहे. एवढी राजकारणी माणसांची स्मारकं पाहिली, पण हात उगारलेला नाही, बोट दाखवलेलं नाही, नुसता मान खाली घालून लिहितो आहे असा पुढारी मी तरी पहिल्यांदाच पाहिला. हे सॉल प्लाइकी. Plaatje या स्पेलिंगवरून आपण काहीही वाचू, तिथले लोक 'प्लाइकी' म्हणतात. पुतळा २०१० साली बसवला. जागाही बरोबर निवडली आहे. इथे पूर्वी मलाय कॅम्प नावाची मिश्र वस्ती होती आणि साधारण याच ठिकाणी १९१० नंतर प्लाइकींचा छापखाना होता. वस्ती पुढे पाडली गेली, पण शहराची नगरपालिका आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते आणि २०१४ मध्ये सुरू झालेलं विद्यापीठसुद्धा.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. संपादकानं टेबल सोडून गावोगाव हिंडावं की नाही, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी जोरदार वाद व्हायचे. हिंडणाऱ्यांच्या बाजूनं बोलायला तेव्हा मला प्लाइकी माहीत असते तर फार बरं झालं असतं. जोहान्सबर्गला दादा-वहिनीकडे राहायला गेले, तिथे त्यांच्या 'नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका'ची प्रत हाती लागली आणि ती वाचून संपल्यावर दादाला म्हटलं, "मला या माणसाचे रस्ते बघायचेत." दादाला गाडी चालवायला निमित्तच हवं असतं.

किंबर्लीहून बार्कली वेस्टच्या रस्त्याला लागलं की वाल नदीकाठी प्नील येतं. बर्लिन मिशनची ही जुनी जागा. प्लाइकींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, बोशोफजवळच्या एका शेतावरचा. घराणं बारोलोंग, म्हणजे त्स्वाना लोकांपैकी. पण वाढले ते प्नीलला. सपाट, काटेरी झुडपांचा माळ, मध्येच नदीकाठची हिरवी रेघ. जुलैचा महिना होता. आपल्याकडे आषाढ, तिथे ऐन हिवाळा. गवत पिवळंधमक आणि आभाळ इतकं स्वच्छ की डोळे दुखतात. इथल्या मिशनरी वेस्टफाल दांपत्यानं, विशेषतः बाईंनी, या हुशार पोराला शाळेबाहेर शिकवलं. इंग्रजी वाङ्मय, पियानो, व्हायोलिन, गाणं. औपचारिक शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेलंच नाही. पुढे ज्या माणसानं शेक्सपियर आपल्या भाषेत नेला, त्याची शाळा एवढीच.

१८९४ मध्ये ते किंबर्लीच्या पोस्टात लागले. तारा पोचवायच्या, पत्रं वाटायची. तेव्हाच्या केप वसाहतीत एक गोष्ट होती जी पुढच्या पिढ्यांना स्वप्नवत वाटली असेल. ठरावीक मिळकत किंवा पगार असलेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या काळ्या पुरुषाला मत देता यायचं. प्लाइकी मतदार झाले. हा हक्क त्यांनी हातात धरलेला होता, म्हणूनच तो जाताना काय जातंय हे त्यांना इतरांपेक्षा स्पष्ट दिसलं.

इथेच त्यांना एलिझाबेथ मबेले भेटल्या. ती मंडळी फिंगो, भाषा खोसा; हे त्स्वाना. दोन्ही घरांचा कडाडून विरोध. आपल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली ती इंग्रजीत, कारण एकमेकांच्या भाषा अजून पुरत्या येत नव्हत्या, आणि प्रेमाचे शब्द घेतले 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधून. प्लाइकींनीच पुढे एका लेखात हे मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. १८९८ मध्ये लग्न झालं. पुढच्या सगळ्या वणवणीत, नवरा वर्षानुवर्षं समुद्रापार असताना घर आणि मुलं या बाईंनी सांभाळली. त्यांच्याबद्दल कुणी वेगळं पुस्तक लिहिलं तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.

माहिकेंग (तेव्हाचं माफेकिंग) किंबर्लीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर उत्तरेला आहे. व्रायबर्गमार्गे सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं आणि गुरं. गावातलं संग्रहालय जुन्या टाउन हॉलमध्ये आहे. तिथे जास्त जागा अर्थातच वेढ्यानं व्यापली आहे. अँग्लो-बोअर युद्धात १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९००, असे २१७ दिवस बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या, सैन्यानं हे गाव कोंडलं होतं. इंग्लंडमध्ये सुटकेच्या बातमीनं रस्ते भरून गेले आणि गाव लढवणारे ब्रिटिश अधिकारी बेडन-पॉवेल एका रात्रीत वीरपुरुष झाले. त्या वेढ्यात तेवीस वर्षांचे प्लाइकी होते. दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात दुभाषे आणि कारकून. कचेरीचं काम सांभाळून ते बाहेरून आलेल्या वार्ताहरांचे मजकूरही टाइप करून देत आणि रोजनिशी लिहीत.

रोजनिशी सुरू होते एका रविवारी, २९ ऑक्टोबरला. रविवारी तोफा बंद असत, म्हणून निवांत बसून विचार करायला आणि मग लिहायला वेळ मिळाला, असं ते सुरुवातीलाच नोंदवतात. इंग्रजीत लिहिता लिहिता मधेच त्स्वाना, खोसा, झुलू, डच शब्द येतात. बोअरांच्या मोठ्या तोफेला लोकांनी ठेवलेलं टोपणनावही येतं. आणि येतात ती गावाच्या त्या भागातली माणसं, जी वीरगाथांमध्ये नव्हती. त्या वेढ्यात काळ्या लोकांनी पहारे दिले, बोअरांच्या नाकेबंदीतून टपाल आणि गुरं आणली आणि उपासमारीत सर्वांत जास्त मेले तेच. निर्वासितांना तर शिध्यात शेवटचा नंबर. प्लाइकी हे आरडाओरडा न करता टिपत जातात, मधेच हसवतातही. ही वही पुढे सत्तरेक वर्षं एका कुटुंबात पडून होती. १९६९ च्या सुमारास जॉन कोमारॉफ या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाती ती आली आणि १९७३ मध्ये छापली गेली. त्या युद्धाची, काळ्या माणसानं लिहिलेली अशी दुसरी रोजनिशी नाही.

मला वाटतं, त्यांची पत्रकारिता कोर्टातल्या दुभाषेपणात तयार झाली. आरोपीचं एक वाक्य चुकीचं पोचलं तर माणूस फासावर जाऊ शकतो, हे ते रोज पाहत होते. म्हणून त्यांच्या लिखाणात कोण काय म्हणालं हे नेमकं असतं. कुणाच्या तोंडी उगाच भाषण घातलेलं सापडत नाही.

१९०१ मध्ये बारोलोंगांचे एक मातबर पुढारी सायलस मोलेमा यांनी पैसा घालून 'कोरांता ए बेच्वाना' हे पत्र काढलं. इंग्रजी आणि त्स्वाना, दोन भाषांत. १९०२ मध्ये प्लाइकी सरकारी नोकरी सोडून त्याचे संपादक झाले. वर्गणीदार थोडे, त्यातले बरेच पैसे बुडवणारे, कर्ज वाढतंच. ज्यांनी छोटं पत्र चालवलंय त्यांना हे वाचून घरच्यासारखं वाटेल. चार-सहा वर्षांत ते बंद पडलं. मग किंबर्लीला येऊन 'त्साला ए बेच्वाना', म्हणजे बेच्वानांचा (त्स्वाना लोकांचा) मित्र, आणि १९१२ पासून त्याचंच रूप 'त्साला ए बाथो', लोकांचा मित्र. छपाई आणि बातमी या माणसाच्या रक्तातच होती याचा पुरावा त्यांच्या मुलांच्या नावांत आहे. थोरला सेंट लेजर, 'केप टाइम्स'च्या संस्थापक-संपादकांच्या नावावरून. १९१० मध्ये धूमकेतू दिसला तेव्हाचा हॅली. आणि शेवटचा योहानेस गुटेनबर्ग. हे बाळ फार जगलं नाही.

ब्लूमफाँटेनला आम्ही थांबलो ते वाइहुकच्या छोट्या वेस्लियन चर्चसाठी. ८ जानेवारी १९१२ ला इथे देशभरातून आलेले वकील, धर्मोपदेशक, संपादक, टोळीप्रमुख जमले आणि साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस स्थापन झाली. तीच १९२३ पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. पुढाकार पिक्स्ली सेमे यांचा, अध्यक्ष जॉन डुबे, आणि पहिले सरचिटणीस सॉल प्लाइकी. डुबेंचंही स्वतःचं पत्र होतं, नाताळ प्रांतात. त्या पिढीत संपादक आणि पुढारी ही दोन कामं वेगळी मानलीच जात नव्हती. आपल्याकडची 'केसरी'ची पिढी डोळ्यांपुढे आणली की हे लगेच उमगतं.

दीड वर्षात पहिला घाव आला. १९ जून १९१३ ला नेटिव्हज लँड ॲक्ट अमलात आला. लोकसंख्येत दोनतृतीयांश असलेल्या आफ्रिकनांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन राखीव. तिच्याबाहेर त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही, खंडानंही घ्यायची नाही. फ्री स्टेट प्रांतात तर गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीनं कसणारी हजारो कुटुंबं होती. स्वतःचे बैल, स्वतःचा नांगर, पीक निम्मं-निम्मं. कायद्यानं ही अर्धेली संपवली. आता एक तर मालकाचा नोकर व्हायचं, बैलांसकट, नाही तर बिऱ्हाड उचलायचं.

प्लाइकींच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य दक्षिण आफ्रिकेत शाळकरी पोरांनाही माहीत असतं. ते साधारण असं : २० जून १९१३ च्या शुक्रवारी सकाळी जाग आली तेव्हा इथल्या मूळ रहिवाशाला कळलं, की तो अगदी गुलाम नसला तरी स्वतःच्या जन्मभूमीत बहिष्कृत झाला आहे.

आणि मग त्यांनी काय केलं, तर सायकल घेतली. जुलैच्या कडाक्याच्या थंडीत ते फ्री स्टेट आणि ट्रान्सवालच्या सीमेवरच्या मुलखात, होपस्टाड, ब्लूमहॉफ भागात हिंडले. कायदा वाचून अग्रलेख लिहिणारे पुष्कळ होते. रस्त्यावर काय चाललंय ते बघायला जाणारे थोडे.

आम्हीही जुलैतच होतो. ब्लूमफाँटेनहून किंबर्लीला यायला दादानं मुद्दाम महामार्ग सोडून डील्सव्हिल आणि बोशोफवरून जाणारा जुना रस्ता धरला, प्लाइकींच्या जन्मगावाच्या बाजूनं. अंतर फार नाही, दीडशे किलोमीटरच्या थोडं वर. पण त्या रस्त्यावर मैलोगणती दुसरी गाडी दिसत नाही. दोन्हीकडे कुंपण, आत पिवळं गवत, लांबवर एखादी पवनचक्की आणि पाण्याची टाकी. सकाळी कुंपणाच्या तारांवर दव गोठून पांढरं झालेलं. हीटर लावलेल्या गाडीत बसून मी चौथं प्रकरण मोठ्यानं वाचत होते आणि दादा गप्प होत गेला.

त्या प्रकरणात क्गोबाडी नावाच्या एका शेतकऱ्याची हकिगत आहे. अर्धेलीवर वर्षाला शंभराहून अधिक पौंड कमावणारा माणूस. कायदा आल्यावर मालकानं सांगितलं, तू, तुझी बायको आणि तुझे बैल मिळून महिना ३० शिलिंगांवर राबायचं. तो निघाला. गाडीत आजारी तान्हं मूल. बरोबरच्या शेळ्या व्यायच्या बेतात होत्या. त्या वाटेतच व्यायला लागल्या आणि करडं जन्मली तशी मरत गेली. ती कोल्ह्या-गिधाडांना सोडून पुढे जावं लागलं. घर सोडल्यावर दोन दिवसांत मूल खालावलं, आणि गेलं. आता पुरायचं कुठे? पायाखालची सगळी जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची, आणि थांबायला परवानगी नाही. आई-बापानं रात्रीच्या अंधारात, कुणी बघत नाही असं पाहून घाईघाईनं खड्डा खणला आणि लेकराला त्या चोरलेल्या जागेत ठेवलं. प्लाइकी लिहितात, फासावरून उतरवलेल्या गुन्हेगारालाही सहा फूट जमिनीचा हक्क असतो. देवानं गोरं केलं नाही एवढाच ज्यांचा गुन्हा, त्या पोरांना तो नाही.

वाचता वाचता मला थांबावं लागलं. दादानं गाडी बाजूला घेतली. बाहेर पाय टाकला तर थंडी हाडांत शिरली. त्या थंडीत, उघड्या गाडीत, आजारी मूल.

मला या मजकुरात सगळ्यात थोर वाटतं ते हे : नाव आहे. 'एक गरीब कुटुंब' असं नाही. किती शिलिंग, किती दिवस, शेळ्यांचं काय झालं, हे सगळं आहे. ब्रिटिश मंत्र्याला निवेदन देताना हा तपशील लागणार हे त्यांना माहीत होतं, पण त्यापलीकडेही काही आहे. ज्यांना सरकार फक्त 'नेटिव्ह' म्हणत होतं, त्यांची ते एकेकाची ओळख लिहून ठेवत होते. त्याच वर्षी पासच्या, म्हणजे सतत जवळ बाळगायच्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध उठलेल्या ब्लूमफाँटेनच्या बायकांना तुरुंगात टाकलं, तर प्लाइकी क्रूनस्टाडच्या तुरुंगात त्यांना भेटून आले आणि तेही पुस्तकात आलं.

या रस्त्यावर आणखी एक गोष्ट मनात होती. त्या काळात मी आणि दादा इथून असे आरामात जाऊच शकलो नसतो. १८९१ च्या कायद्यानं फ्री स्टेटमध्ये भारतीयांना वस्तीला बंदी होती आणि ती चक्क १९८६ पर्यंत टिकली. परवान्यावर पार जायचं, मुक्काम नाही. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये, प्लाइकींची सायकल या भागात फिरून गेल्यावर चारच महिन्यांनी, गांधीजी खाणकामगारांना घेऊन नाताळच्या हद्दीवरून ट्रान्सवालमध्ये शिरले. दोन्ही लढे शेजारी शेजारी चालले, एकत्र मात्र आले नाहीत. त्यासाठी पुढची तीसेक वर्षं जावी लागली. मला ही गोष्ट खटकते. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

बोशोफला आम्ही एका दुकानात चहा घेतला. काउंटरवरच्या बाईंना त्स्वानात "दुमेला म्मा", नमस्कार बाई, म्हटलं, तशा त्या खुलल्या. प्लाइकींचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "ते आमचेच." एवढंच, पण अशा सुरात की पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

१९१४ मध्ये काँग्रेसचं शिष्टमंडळ लंडनला गेलं : डुबे, रुबुसाना, मसाने, मापिकेला आणि प्लाइकी. वसाहतमंत्री हारकोर्ट यांनी ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. ज्या संस्थेकडून आधाराची अपेक्षा, त्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे सचिवच कायद्याची बाजू घेत होते. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. बाकीचे परतले, प्लाइकी राहिले. बोटीवर सुरू केलेलं पुस्तक पुरं करायचं होतं. उधारीवर, लेख विकून, सभांत बोलून त्यांनी दिवस काढले आणि १९१६ मध्ये 'नेटिव्ह लाइफ' प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आणखी दोन पुस्तकं आली. एक, ७३२ त्स्वाना म्हणींचा संग्रह, प्रत्येकीचा शब्दशः अर्थ आणि युरोपीय भाषांतल्या तिच्या जोडीच्या म्हणी दिलेल्या. दुसरं, ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्याबरोबर केलेलं त्स्वाना वाचनपुस्तक. जमिनीचा कायदा आणि म्हणी या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध, असं एखाद्याला वाटेल. माझ्या मते काम एकच होतं. जे लोकांच्या हातून निसटतंय ते कागदावर आणायचं.

मराठी वाचकाला त्या लंडनमध्ये ओळखीचे चेहरे दिसतील. १९१६ च्या शेवटी, प्लाइकी तिथून निघायच्या आधीचे काही महिने, तरुण आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झालेले होते. आणि १९१९ मध्ये प्लाइकी दुसरं शिष्टमंडळ घेऊन पोचले तेव्हा चिरोल खटल्यासाठी गेलेले टिळक अजून तिथेच होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्लाइकी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यासमोर बोलले. लॉइड जॉर्ज हलले, त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्सना पत्रं लिहिली. स्मट्सनी ती बाजूला सारली. तिथून प्लाइकी कॅनडा आणि अमेरिकेला गेले, डू बॉइस आणि मार्कस गार्वी या तिथल्या काळ्या पुढाऱ्यांना भेटले. ऑक्टोबर १९२३ मध्ये लंडनच्या एका स्टुडिओत त्यांनी 'न्कोसी सिकेलेल आफ्रिका' गायलं. या गीताचं ते पहिलं ध्वनिमुद्रण. आज तेच गीत देशाच्या राष्ट्रगीतात आहे.

किंबर्लीतलं ३२, एंजल स्ट्रीट हे घर साधं, बैठं आहे. आता तिथे संग्रहालय आणि त्यांच्या नावाचा न्यास आहे. भिंतींवर फोटो, कपाटात पुस्तकं. आम्हाला दाखवणाऱ्या ताईंनी आधी पाणी विचारलं आणि मग प्रत्येक फोटोपुढे थांबवून कोण कोण ते सांगितलं. हे घर प्लाइकींनी विकत घेतलेलं नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि भारतीय चाहत्यांनी वर्गणी काढून ते त्यांना दिलं. त्या वर्गणीत इथल्या भारतीय माणसांचे पैसे होते, हे ऐकून मघाशी रस्त्यावर मनात आलेलं खटकणं थोडं सैल झालं.

याच काळात ते परदेशातून आणलेला प्रोजेक्टर घेऊन गावोगाव, खाणकामगारांच्या वस्त्यांत, शाळांत मूकचित्रपट दाखवत फिरत. आपल्या टूरिंग टॉकीजसारखंच, पण एकट्या माणसाचं. अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेतली काळी मुलं शिकताना बघून इथली पोरं काय विचार करत असतील? किंबर्लीत आपल्या लोकांना सभागृह हवं म्हणून त्यांनी हिऱ्यांच्या कंपनीकडून, डी बिअर्सकडून, जुनी ट्राम-शेड मिळवली. यावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. मला ती टीका अर्धीच पटते. कंपनीला त्यातून काय हवं होतं हे उघड आहे. पण संध्याकाळी बसायला छप्पर नसलेल्या माणसांसाठी त्यांनी छप्पर मिळवलं, हेही तितकंच खरं.

घरातल्या एका फोटोशी आम्ही जास्त वेळ थांबलो. मुलगी ऑलिव्ह. लेखिका ऑलिव्ह श्रायनर यांच्यावरून नाव ठेवलेली. ती १९२१ मध्ये गेली तेव्हा बाप अमेरिकेत होता. १९२० च्या सुमारास लंडनमध्ये लिहिलेली त्यांची कादंबरी 'म्हुदी' दहा वर्षं प्रकाशकांकडे फिरून १९३० मध्ये लव्हडेल छापखान्यानं काढली. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लेखकाची ती पहिली इंग्रजी कादंबरी, आणि तिची नायिका बाई आहे. अर्पणपत्रिका ऑलिव्हच्या स्मृतीला आहे. त्याच वर्षी 'कॉमेडी ऑफ एरर्स'चं त्स्वाना भाषांतर आलं. 'ज्युलियस सीझर' त्यांच्यामागे, १९३७ मध्ये.

वेस्ट एंड दफनभूमीत त्यांची कबर आहे. दगडावर त्स्वाना भाषेत लिहिलंय, 'विसावा घे, मोरोलोंग, आफ्रिकेच्या सेवका'. मोरोलोंग म्हणजे बारोलोंगांपैकी एक. जोहान्सबर्गजवळ पिमव्हिलला न्यूमोनियानं ते गेले, वय ५५. तारीख १९ जून १९३२. लँड ॲक्ट अमलात आला त्याला बरोबर एकोणीस वर्षं झाली होती.

ही तारीख आजच्या दक्षिण आफ्रिकेत अजून जिवंत आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात आणि १९९४ च्या जमीन-परतीच्या कायद्यात १९ जून १९१३ हीच सीमारेषा आहे. त्या दिवसानंतर वांशिक कायद्यानं जमीन गेलेल्यांना दावा करता येतो, आधी गेलेल्यांना नाही. म्हणजे क्गोबाडींसारख्यांच्या वंशजांना दार उघडं, पण त्याआधीच्या शतकात ज्यांचा मुलूख लढाया, करार आणि हिऱ्यांच्या पायी गेला, त्यांच्यासाठी बंद. दफनभूमीच्या फाटकाशी भेटलेले एक वयस्कर गृहस्थ दादाला हेच समजावून सांगत होते. त्यांच्या घराण्याची जमीन १९१३ च्या कितीतरी आधी गेलेली. "आमच्या वेळी सायकलवाला नव्हता," ते म्हणाले.

जाणार असाल तर जोहान्सबर्गहून किंबर्लीला जायला एन-१२ रस्ता चांगला आहे. पाच-सहा तास धरा. पण जमल्यास ब्लूमफाँटेनकडून बोशोफवरून या. एंजल स्ट्रीटच्या घरी जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. ड्युटॉइट्सपॅन रोडवरचं आफ्रिकाना ग्रंथालय चुकवू नका. हिवाळ्यात गेलात तर लोकरीचे कपडे भरपूर घ्या. आणि 'नेटिव्ह लाइफ' इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, तेही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर. सगळं नाही जमलं तर निघण्याआधी चौथं प्रकरण तेवढं वाचून जा.